मदत हवी आहे: दसऱ्याला बाहेर काढलेली यूटीव्ही दहा मिनिटांत बंद पडते (पेट्रोल, कार्ब्युरेटरवाली)

मुळशीचा_पाहुणा

नमस्कार मंडळी, जरा लांबण लागणार आहे, आधीच सॉरी. आम्ही राहतो कोथरूडला पण पौडच्या पुढे मामांची अडीच एकर जागा आहे, अर्धी सपाट आणि अर्धी डोंगराला टेकलेली, आणि वरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत रस्ता असा नाहीच, बैलगाडीची जुनी वाट म्हणा. दोन वर्षांपूर्वी मामांनी एका बंद पडलेल्या रिसॉर्टवाल्याकडून सेकंडहँड यूटीव्ही उचलली. म्हणजे ती दोन सीटची, मागे छोटा हौदा, वर पाइपांचा पिंजरा आणि जाडे गुबगुबीत टायर असलेली. हँडलवाली एटीव्ही नव्हे, हिला जीपसारखं स्टिअरिंग आहे. पेट्रोल इंजिन, कार्ब्युरेटर, गिअर म्हणजे हाय, लो, न्यूट्रल, रिव्हर्स एवढंच, आणि फोर व्हील ड्राइव्हचं एक बटण. मॅन्युअल मिळालेलं नाही.

जूनमध्ये मुळशीचा पाऊस सुरू झाला तशी शेडमध्ये ताडपत्री टाकून ठेवली, टाकीत अर्धं पेट्रोल होतं ते तसंच राहिलं. थेट दसऱ्याला पूजेला बाहेर काढली, झेंडूचा हार वगैरे घातला, आणि स्टार्टच होईना. बॅटरी चार्ज करून आणली, मग चोक ओढून चालू झाली पण चोक आत ढकलला की मरते. अर्ध्या चोकवर चालवली तर दहा-पंधरा मिनिटं बरी चालते आणि मग अशी गचकते जणू पेट्रोल संपलंय. वीसेक मिनिटं थांबलं की परत चालू. प्लग बदलला, काही फरक नाही. दुसरं म्हणजे जळक्या रबराचा वास येतो. तिथले राखणदार नाना मुरूम वाहून वरच्या वाटेवर टाकतायत, हौदा शिगोशीग भरून, वर दोन माणसं फावडी घेऊन बसतात, तेव्हा जास्त येतो. पौडच्या मेकॅनिकने बघितलं आणि म्हणाला इंजिन खोलावं लागेल. खोलू का? का आधी दुसरं काही बघू?

अर्धा_नट

इंजिन खोलू नका!!! चोकवरच चालते म्हणजे कार्बचा (कार्ब्युरेटरचा) पायलट जेट, म्हणजे इंजिन हळू चालताना पेट्रोल देणारं बारीक भोक, चोंदलाय, स्कूटर चार महिने उभी राहिली की हेच होतं. पंपावर आता ई-२० म्हणजे वीस टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं, त्यातलं इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं, आणि तुमच्याकडे तर मुळशीचा पावसाळा. ओलावा फार झाला की पाणी न् इथेनॉल खाली बसतं आणि कार्बला पहिलं तेच मिळतं. टाकीतलं सगळं काढा, कार्बच्या वाटीला खाली ड्रेन स्क्रू असतो त्यातून वाटी रिकामी करा, पारदर्शक बाटलीत धरून बघा दोन थर दिसतात का.

ग्रीसगन

वरच्यांनी अर्धं बरोबर सांगितलं. पायलट जेटने "चोक काढला की मरते" याचा उलगडा होतो, पण "दहा मिनिटं चालते, मरते, थांबलं की चालते" याचा होत नाही. पुढच्या वेळी मेली की इग्निशन बंद करा आणि पेट्रोल टाकीचं झाकण हळूच सैल करा. आजूबाजूला बिडी-काडी नको आणि इंजिनाला जरा निवू द्या. फुस्स आवाज आला आणि त्यानंतर लगेच चालू झाली तर टाकीचा श्वास कोंडलाय. पेट्रोल बाहेर जातं तेवढी हवा आत यायला हवी, तिची एक बारीक नळी असते, ती बुजली की टाकीत व्हॅक्यूम होतो आणि पेट्रोल यायचं थांबतं.

आणि कार्ब काढलाच तर जेटमध्ये तार खुपसू नका. पितळेचं भोक असतं, मोठं झालं की जन्मभर जास्त पेट्रोल ओढेल. क्लीनर स्प्रे आणि हवा, बास. चाळीस वर्षं भोसरीत काढली आहेत, तार घालून वाट लावलेले कार्ब पोत्याने बघितलेत.

रबराच्या वासाचं नंतर लिहितो, जेवायला हाक आली आहे.

तांबडी_माती

मला कार्बमधलं कळत नाही पण तुमच्या धाग्यातलं एक वाक्य वाचून पोटात गोळा आला. मुरुमाने भरलेल्या हौद्यावर दोन माणसं बसवून चढावर?? अहो तिथे ना सीट ना बेल्ट ना धरायला काही. चढाला पुढची चाकं आधीच हलकी झालेली असतात, त्यात वर माणसं. आमच्याकडे वेल्ह्याला अशीच गाडी आहे. माझा चुलत दीर बांधावरून आडवी नेत होता, वेग काहीच नव्हता, चालण्याएवढा. वरच्या बाजूचं चाक दगडावर चढलं आणि गाडी कलंडली. पिंजरा होता, बेल्ट लावला असता तर काही झालं नसतं. त्याने काय केलं, पडताना माणूस करतो तेच, हात बाहेर टेकवला. पाइप बोटांवर आला. दोन बोटं गेली. आता गाडीत बसलं की तो स्वतःच सगळ्यांना सांगतो, कलंडली तर स्टिअरिंग धरा, बाजूच्याने दांडा धरायचा, हात-पाय आत. पण हे डोक्याने होत नाही, बेल्टनेच होतं, म्हणून बेल्ट.

मुळशीचा_पाहुणा

ताई, बापरे. पण खरं सांगायचं तर गाडी इतकी हळू चालते की आम्ही तिला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीसारखीच धरलंय. बेल्ट आहेत पण एक सीटच्या खाली गेलाय, तो ओढून काढतो. बाकी विचारलं होतं इंजिनाचं आणि बोलणी बसतायत नानांच्या ड्रायव्हिंगवर :)

शनिवारपेठी

बोलणी फुकट आहेत, घ्या. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसणंही काही आदर्श नाही.

माझा एक प्रश्न, पेट्रोल भरायला गाडी कुठे नेता? पौडच्या पंपावर चालवत? तसं असेल तर थांबवा. नंबर नसलेली गाडी सार्वजनिक रस्त्यावर मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे चालवता येत नाही, थर्ड पार्टी विमाही नाही, आणि कोणाला धक्का लागला तर मामा थेट अडकतील. शिवाय ते खडबडीत टायर डांबरावर नीट वळत नाहीत.

मुळशीचा_पाहुणा

हो, नाना नेतात. सव्वा किलोमीटरच आहे हो. बरं, थांबवतो, कॅनमध्ये आणू.

शनिवारपेठी

मग कॅनचंही ऐका. घरच्या वापराला ३० लिटरपर्यंत पेट्रोलला लायसन लागत नाही, पण कायद्यात त्यासाठी धातूचं भांडं धरलंय, जास्तीत जास्त २५ लिटरचं, तेलाचा प्लॅस्टिकचा कॅन नव्हे. आणि हौद्यात ठेवून भरू नका, जमिनीवर ठेवून भरा. हौद्याला प्लॅस्टिक किंवा रबराचं अस्तर असलं तर भांडं जमिनीपासून तुटतं, भरताना स्थिर वीज साठते आणि ठिणगीला एवढं पुरतं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, खालीच पसरते, चुलीपासून लांब म्हणजे खरंच लांब. आणि इंजिन टेस्ट करायला शेडचं दार लावून चालू ठेवू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

ग्रीसगन

आलो. वासाचं.

तुमच्या गाडीत गिअरबॉक्सच्या आधी रबरी बेल्ट आहे, ॲक्टिव्हात असतो त्याच जातीचा, फक्त दांडगा. दोन पुल्या, वेग वाढला की त्या आत-बाहेर होतात आणि बेल्ट वर-खाली सरकतो. वजन भरून चढाला हळू चालवायची आणि गिअर हायमध्ये, म्हणजे बेल्ट पुलीवर घसरत राहतो, तापतो, वास येतो. नाना हायमध्ये चालवतात का विचारा, माझी पैज आहे हो म्हणतील. चढ, उतार, वजन, चिखल, ट्रेलर, सगळं लोमध्ये. उतारावर तर लोच, इंजिनच धरून ठेवतं, नुसत्या ब्रेकवर नेलं तर ब्रेक तापून सुटतात. न्यूट्रल टाकून सोडणारे महाभाग बघितलेत, त्यांना मी नमस्कार करतो आणि बाजूला होतो.

ओढा ओलांडता का? बेल्टच्या डब्यात पाणी गेलं तरी घसरतो. बहुतेक डब्यांना खाली ड्रेनचा प्लग असतो, तो काढून पाणी सोडायचं, मग न्यूट्रलमध्ये हँडब्रेक लावून थोडं रेस करायचं, वाऱ्याने सुकतो.

भरलेली गाडी चढावर मधेच थांबली तर वळवायची नाही. हे नानांना पाठ करून द्या. ब्रेक दाबून धरायचा, रिव्हर्स टाकायचा, सरळ मागे यायचं, सावकाश. चढावर वळवली की आडवी होते आणि आडवी झाली की ताईंच्या दिरासारखं.

टायरचं राहिलं. याला हवा फार कमी असते, पुष्कळ गाड्यांत १० ते १५ पीएसआयच्या आसपास, तुमचा आकडा स्टिकरवर असेल, तोच खरा. पंचरवाल्याकडे ३०-३५ भरून आणलीत तर गाडी चेंडूसारखी उडेल. कमी प्रेशरचा वेगळा गेज मिळतो, तो घ्या, गाडीच्या गेजवर एवढं कमी नीट कळत नाही.

अर्धा_नट

एअर फिल्टर पण बघा. चार महिने उभी गाडी म्हणजे उंदरांसाठी रेडीमेड फ्लॅट.

मुळशीचा_पाहुणा

अपडेट. रविवारी जाऊन आलो, सकाळपासून संध्याकाळपर्यंत हाच उद्योग, बायको म्हणाली माझ्या वाढदिवसाला एवढा वेळ दिला नव्हतास.

ग्रीसगन काका, साष्टांग. बारा मिनिटांनी मेली, झाकण फिरवलं आणि फुस्स, एवढं जोरात की नाना मागे सरकले. चावी फिरवली, चालू! नळी शोधत गेलो तर टोकाला मातीचं बूच, फोडलं तर आत हिरव्या अळ्या आणि एक पांढरं कोषासारखं काहीतरी. कुंभारीण माशी! तिने टाकीच्या श्वासनळीत घर केलं होतं. मेकॅनिक इंजिन खोलणार होता हो. नवीन नळी टाकली आणि टोकाला बारीक जाळी बांधली, हवा खेळेल अशी.

कार्बच्या वाटीत चहाच्या रंगाचं चिकट काहीतरी होतं. जुनं पेट्रोल काढलं, बाटलीत खरंच खाली वेगळा थर दिसत होता. जेट स्प्रेने साफ केला, तार घातली नाही (हात शिवशिवत होते). आता चोकशिवाय आयडल धरते. एअर फिल्टरच्या डब्यात उंदराने गवत, चिंध्या आणि मामांच्या एका जुन्या सातबाऱ्याचा कोपरा जमवला होता. फिल्टरवर तांबडी धूळ इतकी की झटकल्यावर ढग झाला. तो फोमचा आहे, पेट्रोलनेच धुवायला काढला होता.

ग्रीसगन

पेट्रोलने नको. साबणाच्या कोमट पाण्याने, पिळायचा नाही, नुसता दाबायचा, पूर्ण सुकला की फिल्टरचं तेल लावून जास्तीचं दाबून काढायचं. कोरडा फोम बसवलात तर बारीक धूळ सरळ सिलिंडरमध्ये, मग इंजिन खरंच खोलावं लागेल.

आणि गवताचा विषय निघालाच आहे तर सायलेन्सरच्या वर, स्किड प्लेटच्या (गाडीच्या पोटाखालच्या पत्र्याच्या) आत हात घालून बघा, इंजिन गार असताना. सुकं गवत तिथे कोंबून बसतं. आता दिवाळीनंतर डोंगर वाळेल, तापलेली गाडी गुडघाभर गवतात उभी केली की वणवा लागायला वेळ लागत नाही.

मुळशीचा_पाहुणा

पाहिलं, मूठभर निघालं. हारातला झेंडूही निघाला.

आता नानांचं. काका, पैज जिंकलात, हायमध्येच चालवत होते, त्यांच्या मते लो म्हणजे "बिघडल्यावर वापरायचा". सीटखाली एक स्टिकर सापडला, घासून घासून वाचला, हौद्याला १८० किलो. मग आम्ही वजनकाट्यावर घमेलं ठेवलं, ओल्या मुरुमाचं एक घमेलं २३ किलो भरलं. म्हणजे सात घमेली, आठवं नाही. नाना वीस-बावीस टाकत होते, वर दोन माणसं! ते एकदम गप्प झाले. मग ऑइलपेंटचा डबा आणून स्वतःच हौद्याच्या आत रेघ मारली, आणि फावडेवाल्यांना म्हणाले तुम्ही चालत या, पाय आहेत ना.

भाच्यांचा मात्र प्रश्न आहे. एक आठ वर्षांचा, एक बारा. दिवाळीत येणार आणि गाडी पाहिजेच.

तांबडी_माती

पाठ सीटला टेकलेली असताना तळपाय खाली सपाट टेकतात का, आणि समोरचा दांडा धरता येतो का, ते बघा. नाही टेकत तर नाही, रडला तरी नाही. बारावाला बहुतेक बसेल, बेल्ट आणि हेल्मेट घालून, बाजूच्या सीटवर. चालवायला नाही. आणि मांडीवर कोणालाही घेऊ नका, आठवाल्याचा पहिला हट्ट तोच असेल.

मुळशीचा_पाहुणा

हो ताई, त्याने फोनवरच विचारून झालंय.

शेवटचं एक. बेल्टचा डबा उघडला, बेल्ट कडेने आरशासारखा चकचकीत झालाय आणि एका ठिकाणी बारीक झाल्यासारखा वाटतो. अजून चालेल का, आणि पुण्यात कुठे मिळेल?

ग्रीसगन

चकचकीत झालेला एक वेळ घासून थोडे दिवस काढेल पण बारीक झालाय म्हणता, म्हणजे एकाच जागी फिरत्या पुलीने चावलाय. बदला. बेल्टवर नंबर असेल, तो पुसला असेल तर जुना बेल्टच घेऊन नाना पेठेत जा, अंदाजाने स्कूटरचा बेल्ट कोणी गळ्यात मारला तर घेऊ नका, रुंदी आणि घेर दोन्ही वेगळं. तिथे नाही मिळाला तर मागवून देतील. बसवताना बेल्टवर बाण असला तर फिरण्याच्या दिशेला, आणि पुल्या आधी ब्रेक क्लीनरने पुसा, ग्रीसचा हात लावू नका. नवा बेल्ट पहिले काही तास रिकाम्या गाडीत फिरवा, मुरूम नंतर.

मुळशीचा_पाहुणा

शनिवारी जातो. पार्किंग मिळालं तर.

शनिवारपेठी

नाना पेठेत चारचाकी घेऊन जाणार? चालत जा. पाय आहेत ना.