मदत हवी आहे: २०१९ मधला दारू पिऊन गाडी चालवल्याचा दंड, साक्षांकन नमुन्यात काय लिहू?

नमस्कार मंडळी. मी सिंधुदुर्गातला, वय ३०. चार वर्षं स्पर्धा परीक्षा देतोय. यंदा एका सरकारी खात्यात लिपिक पदाच्या निवड यादीत नाव लागलं. घरात पेढे वाटून झाले, देवळात गाऱ्हाणं घालून झालं, आणि परवा साक्षांकन नमुना हातात आला. त्यात एक रकाना आहे: कधी अटक, खटला, दंड किंवा शिक्षा झाली आहे काय? खाली ताकीद, खोटी माहिती दिल्यास नियुक्ती रद्द. त्या रकान्यापाशी मी तीन दिवस अडकलोय.

झालं ते असं. ३१ डिसेंबर २०१८ ची रात्र. मित्राच्या वाडीत जेवण होतं, मी तीन बाटल्या बिअर प्यायलो होतो. दीडच्या सुमारास मुंबई-गोवा हायवेला लागलो आणि पुढच्या वळणावर नाकाबंदी. हवालदारांनी मशीन पुढे केलं, फुंकलो, आकडा आला ७४. कायद्याने मर्यादा १०० मिलीलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम. म्हणजे दुपटीहून जास्त. मागे माझा मावसभाऊ बसला होता, बारावीत शिकणारा. त्याला मीच सांगितलं होतं, चल, मी सोडतो. आजही ती रात्र आठवली की माझ्या पोटाला घट्ट धरलेले त्याचे गार हात आधी आठवतात. कुणाला काही झालं नाही, पण ते माझ्या सावधपणामुळे नव्हे.

जानेवारीत समन्स आलं. कोर्टाच्या आवारात एकाने सांगितलं, वकील कशाला करतोस, कबूल कर, दंड भर, तासाभरात मोकळा. मी कबूल केलं. २,००० रुपये दंड झाला, लायसन्स सहा महिने जमा. ते सहा महिने एसटीने फिरलो. मला वाटलं, विषय संपला.

नेटवर शोधलं तर सगळं अमेरिकेचं येतं, अमुक अर्ज करा आणि रेकॉर्ड पुसून घ्या. आपल्याकडे असं काही आहे का? आता अपील करता येईल का? आणि रकान्यात खरं लिहिलं तर नोकरी जाईल का? आई एवढंच म्हणते, "जा झाला ता लिही." वडील गप्प आहेत. कृपया ज्यांना माहीत आहे त्यांनीच सांगा.

खाडीकाठ:
भावा, 'नाही' लिही आणि मोकळा हो. सात वर्षांपूर्वीचा दोन हजारांचा दंड कोण उकरून काढतंय?

जुना शिरस्तेदार:
खाडीकाठ यांचा सल्ला कृपया मानू नकोस. मी कोर्टात ३१ वर्षं नोकरी करून निवृत्त झालो. वकील नाही, पण अशा फायली हजारांनी हाताळल्या आहेत. साक्षांकन नमुना पोलिसांकडे पडताळणीला जातो, ठाण्यात नोंद आहे, कोर्टाचा निकाल आहे. सापडण्याची शक्यता कमी आहे असं धरून आयुष्यभराची नोकरी उभी करू नये.

आता तुझे प्रश्न. पहिलं, पुसून टाकणं. अमेरिकेत राज्याराज्यांचे नियम वेगळे आहेत, काही ठिकाणी तसा अर्ज करता येतो. इंग्लंडमध्ये १९७४ च्या कायद्याने ठराविक मुदतीनंतर बऱ्याचशा शिक्षा सांगाव्या लागत नाहीत. आपल्याकडे सज्ञान माणसासाठी असा कायदाच नाही. १८ वर्षांखालच्या मुलांना बाल न्याय कायद्याच्या कलम २४ चं संरक्षण आहे, तू तेव्हा २३ चा होतास. 'रेकॉर्ड क्लीन करून देतो' म्हणून कुणी पैसे मागितले तर एक रुपया देऊ नकोस.

दुसरं, अपील. मुदत ३० दिवसांची. उशीर माफ करा असा अर्ज देता येतो, पण सात वर्षांच्या उशिराला सबळ कारण लागतं आणि 'मला वाटलं विषय संपला' हे कारण चालत नाही. त्यात तू गुन्हा कबूल केलास. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३७५ प्रमाणे कबुलीवर झालेल्या शिक्षेत अपील फक्त शिक्षा किती आणि ती कायदेशीर का, एवढ्यापुरतं उरतं. तुझी शिक्षा कायद्यात बसते. तेव्हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खाली पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा २,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही होतं. १ सप्टेंबर २०१९ पासून दंड थेट १०,००० झाला. लायसन्सचे सहा महिने तर त्याच कायद्याच्या कलम २० मध्येच लिहिलेत, मॅजिस्ट्रेटना त्याहून कमी करता आले नसते.

एक बारीक वाट उरते ती पुनरीक्षण अर्जाची, म्हणजे खालच्या कोर्टाचं काम कायद्याप्रमाणे झालं का हे वरच्या कोर्टाकडून तपासून घेण्याची. तुला आरोप नीट समजावला नाही, कबुली तुझ्या शब्दांत लिहून घेतली नाही, असं कागदावर दिसत असेल तरच. मुदत ९० दिवसांची, तीही गेली. ओरोसला सत्र न्यायालयात किंवा उच्च न्यायालयात जाता येतं. उच्च न्यायालयासाठी आता मुंबई गाठायला नको, १८ ऑगस्ट २०२५ पासून रत्नागिरी-सिंधुदुर्गची प्रकरणं कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे आहेत. पण खरं सांगतो, या वाटेवर पैसे आणि वर्ष घालवण्याआधी फाईल बघ.

म्हणून उद्याच कोर्टात जाऊन निकालाच्या नकलेचा अर्ज टाक. जुन्या दंडाच्या फायली ठराविक वर्षांनी नष्ट करतात. पावती सापडली तर केस नंबर त्यावर असेल. नक्कल हातात आल्याशिवाय त्या रकान्यात एक अक्षर लिहू नकोस. लोक आठवणीवर लिहितात, कलम चुकतं, तारीख चुकते, आणि खरं सांगणारा माणूस खोटारडा ठरतो.

सुरंगी:
शिरस्तेदार काकांच्या उत्तरात थोडी भर घालते, मी सेवाविषयक प्रकरणांत वकिली करते.

अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार हा सर्वोच्च न्यायालयाचा २१ जुलै २०१६ चा, तीन न्यायमूर्तींचा निकाल आहे. पडताळणीच्या फॉर्ममध्ये माहिती लपवणं वेगळं आणि गुन्हा असणं वेगळं, हे त्यात फार स्पष्ट आहे. खरं लिहिलंत म्हणून नेमणूक द्यायलाच हवी असं नाही, खातं तुमचा पूर्वेतिहास तपासू शकतं. पण किरकोळ गुन्हा, तेव्हाचं वय, पदाचं स्वरूप याचा विचार त्यांनी करायचा असतो. लपवलंत तर तो विचार तुमच्या बाजूने व्हायची शक्यता फार कमी होते. मी असे दोन तरुण पाहिलेत, गुन्हा क्षुल्लक होता, नोकरी गेली ती 'नाही' या शब्दाने.

दुसरा, पवन कुमार विरुद्ध हरियाणा, १९९६. २० रुपये दंड झाला म्हणून एका चतुर्थश्रेणी कामगाराला काढलं होतं, न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. त्यातच न्यायालयाने संसदेला सांगितलं की किरकोळ गुन्ह्यांत २,००० रुपयांपर्यंतचा दंड ही नोकरीसाठी शिक्षाच धरू नये, असा कायदा करा. तुमचा आकडा नेमका तेवढाच आहे, म्हणून मुद्दाम लिहिते. पण ती शिफारस आहे, कायदा नव्हे. निवेदनात तिचा उल्लेख करा, हक्क म्हणून मागू नका.

एक खंत. त्या दिवशी वकील असता तर अपराधी परिवीक्षा कायदा, १९५८ खाली समज देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडण्याची विनंती करता आली असती. तो लाभ मिळालेल्याला कलम १२ प्रमाणे शिक्षेमुळे येणारी अपात्रता लागत नाही. मिळालाच असता असं नाही, पण मागायला हवा होता. आवारात 'कबूल कर आणि सुट' म्हणणारी माणसं हे कधीच सांगत नाहीत. ज्यांच्या मुलांना असं समन्स येईल त्यांनी निदान विधी सेवा समितीत जाऊन विचारावं.

कोळंबटोप:
माझा भाऊ मस्कतला जायचा आहे, त्यालाही असाच दंड झालाय. पासपोर्ट अडेल का?

सुरंगी:
दंड भरून प्रकरण संपलं असेल तर सहसा नाही. पासपोर्ट कायद्यात शिक्षेमुळे नकार द्यायचा तर गुन्हा नैतिक अधःपतनाचा, शिक्षा किमान दोन वर्षांची कैद आणि ती मागच्या पाच वर्षांतली असावी लागते. केस अजून कोर्टात चालू असेल तर मात्र अडतं. तारखेला गैरहजर राहून तसंच सोडून दिलं असेल तर आधी ते मिटवा.

मूळ प्रश्नकर्ता:
सर्वांचे मनापासून आभार. काल नक्कल मिळाली. दीड पानाचा कागद. त्यात लिहिलंय की आरोपीला दोषारोप समजावून सांगितला, "मला गुन्हा कबूल आहे" असं तो म्हणाला, खाली माझी सही. सही घाईतली आहे, पण माझीच आहे. त्यामुळे पुनरीक्षणाचा विचार सोडला. आणि काका, तुमचं खरं ठरलं. मी निकालाची तारीख ११ जानेवारी धरून बसलो होतो, कागदावर २५ आहे.

रकान्यात 'होय' लिहिलं. केस नंबर, कलम १८५, तारीख, दंड, सगळं. सुरंगीताईंनी सांगितल्याप्रमाणे वेगळं निवेदन जोडलं, त्यात दोन्ही निकालांचा उल्लेख केला आणि त्यानंतर माझ्यावर एकही केस नाही हे लिहिलं. मावसभाऊ मागे बसला होता हेही लिहू का, असं ताईंना व्यक्तिगत निरोपात विचारलं. त्या म्हणाल्या, फॉर्ममध्ये विचारलेलं नाही, गरज नाही. मग ते मी त्यालाच सांगितलं, सात वर्षांनी. तो आता पुण्यात नोकरी करतो. फोनवर थोडा वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, सोमवारी कागद द्यायला मीही येतो.

सोमवारी ओरोसला जातोय. काय होतं ते इथे कळवतो.