१९७१ ची फाइल म्हणे दोनदा बंद झाली!

हेमाडपंती (धागाकर्ता)

ऑगस्ट २०२५ मध्ये पाकिस्तानचे परराष्ट्रमंत्री इशाक दार ढाक्याला गेले. पत्रकारांनी १९७१ चं काय, म्हणजे तेव्हा पूर्व पाकिस्तानात लष्कराने केलेल्या अत्याचारांच्या माफीचं काय, असं विचारल्यावर म्हणाले, तो प्रश्न दोनदा सुटलेला आहे: एकदा १९७४ साली आणि पुन्हा मुशर्रफ आले तेव्हा. बांगलादेशचे परराष्ट्र सल्लागार तौहिद हुसेन यांनी लगेच सांगितलं की आम्हाला हे मान्य नाही. आपल्याकडच्या बातम्यांत या भेटीचा एकच अर्थ लावला गेला, भारताविरुद्ध दोघांची गट्टी. माझा विषय तो नाही. प्रश्न खरंच सुटलाय का, हा आहे.

माझं मत: नाही.

९ एप्रिल १९७४ चा त्रिपक्षीय करार दिल्लीत झाला. सह्या भारताचे स्वर्णसिंग, बांगलादेशचे कमाल हुसेन आणि पाकिस्तानचे अझीझ अहमद यांच्या. त्यात पाकिस्तान म्हणतो की गुन्हे घडले असतील तर आम्ही त्यांचा निषेध करतो, खेद व्यक्त करतो. 'असतील तर'! २५ मार्च १९७१ च्या रात्री ढाका विद्यापीठाच्या वसतिगृहांत लष्कराने काय केलं ते एव्हाना जगाला ठाऊक होतं. ढाक्यातल्या अमेरिकन वकिलातीचे आर्चर ब्लड यांनी ६ एप्रिल १९७१ ला आपल्याच सरकारचा निषेध करणारी तार पाठवली होती. एक कोटीच्या आसपास निर्वासित भारतात आले होते. पुढे त्याच करारात भुट्टोंचं 'झालं गेलं विसरा आणि माफ करा' हे आवाहन आहे आणि मुजीबुर रहमान यांचं उत्तर आहे की बंगाली माणसाला माफ करता येतं. त्यावर युद्धगुन्ह्यांचे आरोप असलेले १९५ लष्करी कैदी खटल्याविना घरी गेले.

मुशर्रफ जुलै २००२ मध्ये ढाक्याजवळच्या सावरच्या शहीद स्मारकावर गेले आणि तिथल्या वहीत १९७१ च्या 'अतिरेकां'बद्दल खेद लिहून आले. अतिरेक कोणाचे, हे लिहिलं नाही.

भावकीतली जमीन तडजोडीने वाटली जाते तेव्हा कोर्टातली केस संपते, पण खून झालेला असेल तर तो तलाठ्याच्या फेरफारात मिटत नाही. १९७४ ला फेरफार झाला, एवढंच. तुम्हाला काय वाटतं?

दगडूशेट_नव्हे

तीव्र असहमत.

करार म्हणजे करार. तीन सार्वभौम देशांनी सही केली आणि मुजीबसारख्या नेत्याने आपल्या लोकांच्या वतीने माफ केलं. मुजीबपेक्षा मोठा अधिकार कोणाचा होता? पन्नास वर्षांनी 'तो करार आम्हाला पटत नाही' म्हणायचं तर उद्या कोणता देश कोणाशी तह करेल? पराभूत सैन्याला माहीत असेल की आज खेद व्यक्त केला, तरी नातवंडांकडून पुन्हा वसुली होणार, तर तो आजही खेद व्यक्त करणार नाही.

आणि बांगलादेशला आज काय हवंय? कापूस, बाजारपेठ, विमानसेवा. नोव्हेंबर २०२४ मध्ये कराचीहून थेट चितगावला मालवाहू जहाज आलं, कित्येक दशकांनी. माफीची मागणी ढाक्यातल्या राजकारणासाठी आहे. सत्ताधारी बदलला की आवाज कमी-जास्त होतो, बघा.

हेमाडपंती

@दगडूशेट, मुजीबना अधिकार होता. मोकळीक होती का, ते बघा. तेव्हा चारेक लाख बंगाली पाकिस्तानात अडकले होते, त्यांत सैनिक आणि सरकारी नोकर पुष्कळ. तुम्ही १९५ जणांवर खटला भरलात तर आम्ही इथल्या २०३ बंगाल्यांवर हेरगिरीचा खटला भरू, अशी भुट्टोंची उघड धमकी होती. संयुक्त राष्ट्रांचं सदस्यत्व चीनने ऑगस्ट १९७२ मध्ये व्हेटो करून अडवलं होतं. ते मिळालं सप्टेंबर १९७४ मध्ये, कराराला सहा महिनेही झाले नव्हते. मुजीबांना आपली माणसं परत हवी होती, त्यांनी ती आणली. त्यांच्या जागी मीही सही केली असती. पण ओलिसांच्या बदल्यात दिलेल्या सहीला 'माफी' म्हणू नका.

मीनल_ठाणे

तुम्ही दोघं मुजीब काय म्हणाले आणि भुट्टो काय म्हणाले यावर भांडताय. बलात्कार झालेल्या बायकांना कोणी विचारलं होतं का? अंदाज दोन ते चार लाखांचे आहेत. मुजीब सरकारने त्यांना 'बीरांगना' म्हटलं. हेतू चांगला होता, पण पुष्कळ घरांनी त्याच नावावरून त्यांना ओळखलं आणि दार लावून घेतलं. १९७२ मध्ये कायदा करून त्यांची मुलं परदेशात दत्तक द्यायची सोय झाली. त्यांना स्वातंत्र्यसैनिकाचा दर्जा मिळायला सुरुवात झाली २०१५ मध्ये. तोवर किती जणी उरल्या असतील?

म्हणजे मुजीबनी माफ केलं ते नक्की कोणाच्या वतीने? माझ्यावर झालेला अत्याचार माझा पंतप्रधान माफ करू शकतो, हे मला मान्यच नाही, मग तो पंतप्रधान कितीही थोर असो.

कृष्णाकाठ

+१

जमालपूरचा_पुतण्या

माझे थोरले काका पहिल्या मराठा लाइट इन्फंट्रीत होते, पूर्व पाकिस्तानातल्या जमालपूरच्या लढाईत. आपले ब्रिगेडियर क्लेर यांनी शरण या म्हणून पत्र पाठवलं, तर तिथल्या बलुच पलटणीचे कर्नल सुलतान अहमद यांनी उत्तराच्या कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून पाठवली. काका ही गोष्ट सांगताना सुलतानचं कौतुकच करायचे. शिपाई शिपायाला मानतो.

पण १९५ चा विषय निघाला की गप्प व्हायचे. गावात शिरल्यावर जे बघितलं ते कधी पूर्ण सांगितलं नाही. ढाक्याने सोडलं म्हणता, पण करार दिल्लीत झाला आणि स्वर्णसिंगांची सही आहेच की. कैदी आपल्या ताब्यात होते. पाकिस्तानने १९७३ मध्ये आपल्याविरुद्ध हेगच्या न्यायालयात धाव घेतली होती, या १९५ जणांना बांगलादेशच्या हवाली करू नका म्हणून. डिसेंबरमध्ये केस मागे घेतली, कारण वाटाघाटीत हवं ते मिळत होतं. मग आपण कोणत्या तोंडाने विचारायचं, इशाक दार माफी का मागत नाहीत?

दगडूशेट_नव्हे

@जमालपूरचा_पुतण्या, काकांबद्दल आदर. पण पर्याय सांगा. त्र्याण्णव हजार कैदी, त्यांत बरेच नागरिक. किती वर्षं पोसायचे? जिनिव्हा करारानुसार लढाई संपल्यावर कैदी परत पाठवायचे असतात. आणि बांगलादेशने १९७३ मध्ये युद्धगुन्ह्यांसाठी खास कायदा केला, तरी लवाद बसला २०१० मध्ये! तोही फक्त स्थानिक साथीदारांसाठी. त्यात जमात-ए-इस्लामीचे नेते अब्दुल कादर मोल्ला यांना आधी जन्मठेप, मग फाशीच हवी म्हणून ढाक्यात झालेल्या शाहबागच्या आंदोलनानंतर कायदा बदलून सरकारला अपिलाची सोय आणि मग फाशी. हा तुमचा न्याय? त्याच लवादाने नोव्हेंबर २०२५ मध्ये शेख हसीनांना गैरहजेरीत फाशी सुनावली. फास ज्यांनी बांधला त्यांच्याच गळ्यात.

हेमाडपंती

लवादाच्या दोषांबद्दल वाद नाही. मानवाधिकार संघटनांनी तेव्हाच आरडाओरडा केला होता. पण मोल्लांना फाशी झाल्यावर पाकिस्तानच्या राष्ट्रीय सभेने चिंतेचा ठराव केला तो कोणत्या दिवशी? १६ डिसेंबर २०१३. फाइल बंद झाली असेल तर पाकिस्तानी संसदेला दुसऱ्या देशाच्या नागरिकाच्या फाशीचं एवढं का लागावं?

सखाराम_२

हा धागा काश्मीरवर कधी पोचतोय ते बघतोय. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

उत्तरेश्वर

कोणी बिहारींचं नाव घेणार आहे की नाही?

१९४७ नंतर पूर्व पाकिस्तानात गेलेले उर्दूभाषक. मार्च १९७१ पासूनच काही ठिकाणी जमावांनी त्यांना मारलं. काही बिहारी लष्कराच्या मदतीला उभारलेल्या दलात रझाकार झाले हे खरं, पण १६ डिसेंबरनंतर सूड घेताना कोण रझाकार आणि कोण शिंपी हे कोणी पाहिलं नाही. पाकिस्तानने त्यातले काही नेले आणि मग दार लावलं. उरलेले लाखो लोक ढाक्यात मोहम्मदपूरच्या जिनिव्हा कॅम्पसारख्या छावण्यांत, एका खोलीत अख्खं कुटुंब. बांगलादेशच्या उच्च न्यायालयाने त्यांना नागरिक मानलं ते २००८ मध्ये. सदतीस वर्षं!

बांगलादेशने स्वतःकडे पाहिल्याशिवाय दुसऱ्याकडून माफी मागणं मला अर्धवट वाटतं.

मीनल_ठाणे

@उत्तरेश्वर, बिहारींचं दुःख खरं आहे, पण दोन्ही गोष्टी एकाच तागडीत घालू नका. एकीकडे आखणी करून चालवलेली लष्करी मोहीम, तिला ऑपरेशन सर्चलाइट असं नाव होतं. दुसरीकडे जमाव. 'दोघांचंही चुकलं' म्हणणं हे पाकिस्तानला पन्नास वर्षं फार सोयीचं पडलंय.

उत्तरेश्वर

तागडीत घातलेलं नाही. जिनिव्हा कॅम्पमध्ये जन्मलेल्या पोराला जमाव होता की लष्कर, याने काय फरक पडतो?

मीनल_ठाणे

त्याला नसेल पडत. जबाबदार कोण हे ठरवताना पडतो.

निशिगंध

एक बाजू इथे आलीच नाही. पाकिस्तानातही बोललेले लोक आहेत. मलिक गुलाम जिलानींनी लष्करी कारवाईला विरोध केला आणि तुरुंगात गेले. त्यांच्या मुलीने, अस्मा जहांगीर यांनी, पुढे त्यांच्या वतीने ढाक्यात बांगलादेशचा सन्मान स्वीकारला. तिथल्या महिलांच्या संघटनेने, विमेन्स ॲक्शन फोरमने, १९९६ मध्ये बांगलादेशातल्या बायकांची माफी मागितली, सरकारची वाट न बघता. आणि १९७१ च्या पराभवाची चौकशी करणारा हमूदुर रहमान आयोग तर पाकिस्तानचाच. मृतांचा आकडा २६ हजारांवर आणून ठेवला (बांगलादेशचा आकडा ३० लाख, अभ्यासकांचे अंदाज या दोहोंच्या मध्ये कुठे कुठे), पण तेव्हाचे लष्करशहा याह्या खान आणि इतर सेनाधिकाऱ्यांवर खटले चालवा, अशी शिफारस त्याने केली होती. अहवाल २००० पर्यंत कपाटात, खटला एकाचाही नाही.

म्हणून दार यांच्या तोंडून एक वाक्य वदवून घेण्यात मला फारसा रस नाही. त्यांच्याच आयोगाने सांगितलेलं त्यांनी का केलं नाही, हा प्रश्न जास्त अडचणीचा आहे.

दगडूशेट_नव्हे

आता कोणी तरी पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर विली ब्रांट यांचं उदाहरण देणारच, म्हणून मीच देतो. डिसेंबर १९७० मध्ये वॉर्सात गुडघे टेकले, जग गहिवरलं. त्या वेळच्या पाहणीत पश्चिम जर्मनीतल्या ४८ टक्के लोकांना ते जरा जास्तच वाटलं होतं. आणि त्याच दिवशी ब्रांटनी तहावर सहीही केली, ओडर-नाइसची सीमा मानली, म्हणजे गमावलेल्या मुलखावरचा दावा सोडला. गुडघ्यांबरोबर काही तरी द्यावं लागतं. पाकिस्तान काय देणार? एप्रिल २०२५ मध्ये परराष्ट्र सचिव भेटले, पंधरा वर्षांनी, तेव्हा ढाक्याने माफीबरोबर ४.५२ अब्ज डॉलर मागितले: एकत्र देशाच्या मालमत्तेतला वाटा आणि १९७० च्या चक्रीवादळासाठी आलेली २० कोटी डॉलरची परदेशी मदत. नाणेनिधीच्या हप्त्यांवर जगणारा देश हे देईल?

हेमाडपंती

चक्रीवादळाचे पैसे तरी द्यावेत. लाखो माणसं बुडाली, जगाने त्यांच्यासाठी पाठवलेले पैसे होते ते. त्याला 'वाटा' म्हणायचंही कारण नाही, दुसऱ्याची ठेव आहे.

बाकीचे नसतील तर कागद द्या. १४ डिसेंबरला ढाक्यात प्राध्यापक, डॉक्टर, पत्रकार घरातून उचलून नेऊन मारले. ढाक्यातले पाकिस्तानी मेजर जनरल राव फरमान अली यांच्या वहीत नावं सापडली होती, त्यांनी शेवटपर्यंत कानावर हात ठेवले. रावळपिंडीच्या लष्करी दप्तरात त्या महिन्यांचे हुकूम असतील, कोणती पलटण कोणत्या गावात होती याच्या नोंदी असतील. त्या उघडायला एक डॉलर लागत नाही.

दगडूशेट_नव्हे

डॉलर नाही लागत, पण सेनाप्रमुखाची सही लागते. आणि ती तुम्हाला मिळणार नाही.

जमालपूरचा_पुतण्या

आपल्या दप्तराचं काय? त्या १९५ जणांविरुद्धचे पुरावे, कैद्यांच्या छावण्यांतले जबाब इकडेही असतील ना. आपण तरी उघडलेत का?