शाळेतील सामाजिक चर्चा विद्यार्थ्यांनीच चालवाव्यात का?

प्रश्न
नमस्कार. मी कोल्हापूर जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत इतिहास शिकवतो. नववीच्या काही मुलामुलींनी दर शनिवारी शेवटच्या तासाला एखाद्या सामाजिक विषयावर चर्चा घेण्याची आणि ती स्वतःच चालवण्याची परवानगी मागितली असून, पहिला विषय विधवा प्रथांचा निवडला आहे. शिरोळ तालुक्यातील हेरवाडने मे 2022 मध्ये कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, जोडवी काढणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. मग आपल्या गावात तो का नाही, असा त्यांचा सरळ प्रश्न आहे. दोन पालकांनी मात्र ‘हे विषय शाळेत कशाला’ म्हणून हरकत घेतली. 26 जूनला शाहू जयंतीच्या भाषणांना टाळ्या वाजवणारे हेच पालक आहेत, हे जाता जाता नोंदवतो. अशा तासाला शिक्षकाने किती बोलावे?

उत्तर 1 (निवृत्त शिक्षिका, इचलकरंजी)
माझ्या अनुभवात खरी अडचण पालकांची नसते. चर्चेची वक्तृत्व स्पर्धा होते, ही असते. तीच तीन-चार मुले पाठ केलेले बोलतात आणि बाकीचा वर्ग घड्याळाकडे पाहतो. म्हणून आधीच्या आठवड्यात प्रत्येकाकडून नाव न लिहिता एकेक प्रश्न चिठ्ठीवर घ्यावा, सूत्रसंचालन दर वेळी नव्या जोडीकडे द्यावे आणि घरातील आजीशी किंवा ग्रामपंचायत सदस्याशी बोलून आल्याशिवाय कोणी मत मांडू नये, असे मुलांकडूनच ठरवून घ्यावे. आणखी एक. ज्या मुलीचे वडील हयात नाहीत, ती त्याच वर्गात बसलेली असते. विषय जाहीर करण्यापूर्वी तिच्याशी एकटीशी बोला. तिला त्या दिवशी गप्प बसायचे असेल, तर तो तिचा हक्क आहे.

उत्तर 2 (महाविद्यालयीन विद्यार्थी, कोल्हापूर)
आमच्या शाळेत असे तास होत. सर शेवटच्या बाकावर बसत, तरीही आम्ही बोलताना त्यांच्याच चेहऱ्याकडे पाहत असू, आणि त्यांनी मान हलवली की आमचे मत तिथेच पक्के होई. ते वही तपासत बसू लागले, तेव्हा कुठे आम्ही एकमेकांशी बोलू लागलो. मात्र माहिती चुकली, तर शिक्षकाने जरूर बोलावे. ग्रामसभेचा ठराव म्हणजे कायदा नव्हे, हा फरक आम्हाला सरांनीच सांगितला होता.

उत्तर 3 (वकील)
चर्चेच्या ओघात एखादे मूल स्वतःवरील अत्याचाराबद्दल बोलून जाऊ शकते. त्या वेळी ‘कोणाला सांगणार नाही’ असे वचन शिक्षकाने देऊ नये, कारण 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार बालकावरील लैंगिक गुन्ह्याची माहिती मिळताच ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. इतर संकटांसाठी 1098 ही हेल्पलाइन आहे. तो क्रमांक वर्गात लावून ठेवावा. पालकांना उत्तर द्यायचे झाल्यास, 1917 मध्येच शाहू महाराजांनी संस्थानात विधवा पुनर्विवाहाचा कायदा केला होता, हे इतिहासाच्या शिक्षकाला मी काय सांगावे!

प्रश्नकर्ता
आभारी आहे. चिठ्ठ्या गोळा केल्या, 41 आल्या. त्यांतील नऊ चिठ्ठ्यांवर एकच प्रश्न आहे: हळदीकुंकवाला आत्याला का बोलावत नाहीत? पहिला तास याच प्रश्नावर घ्यायचे मुलांनी ठरवले आहे, आणि मी वह्यांचा गठ्ठा घेऊन मागे बसणार आहे.