ड्युअल क्रेडिटचे पैसे पालकांनी का भरायचे?

कोयनाकाठ:
काल टेक्ससच्या पालकांच्या धाग्यावर ड्युअल क्रेडिटचा, म्हणजे शाळा आणि कॉलेज दोन्हीकडे मोजल्या जाणाऱ्या कोर्सचा, विषय निघाला. डॅलसकर यांनी लिहिलं, "शाळेत असताना कॉलेजचं क्रेडिट हवं असेल तर आईबापांनी पैसे मोजावेत. फुकट मिळालं की पोरं अभ्यास करत नाहीत. ज्यांना पैसे जड जातात त्यांनी एपी घ्यावं." (एपी म्हणजे शाळेतच शिकवला जाणारा, शेवटी बाहेरची परीक्षा असलेला कॉलेजच्या पातळीचा कोर्स.) तिथेच उत्तर द्यायला बसले, पण ते लांबलं म्हणून वेगळा धागा काढतेय.

माझ्या मुलीचा इंग्रजीचा ड्युअल क्रेडिटचा वर्ग तिच्या शाळेतच भरतो. खोली शाळेची, बाकं शाळेची, शिकवणाऱ्या बाई शाळेच्याच. त्यांचा पगार डिस्ट्रिक्ट, म्हणजे इथल्या सरकारी शाळा चालवणारी संस्था, देतं, म्हणजे प्रॉपर्टी टॅक्समधून आपणच देतो. कॉलेज अभ्यासक्रम ठरवतं आणि ग्रेड आपल्या ट्रान्स्क्रिप्टवर (गुणपत्रकावर) चढवतं. एवढ्यासाठी दर सेमिस्टरला बिल. वर ऑनलाइन पुस्तकाचा ॲक्सेस कोड वेगळा घ्यायचा. सेमिस्टर संपलं की तो बंद पडतो, धाकट्याला देताही येत नाही. आणि हायवेपलीकडच्या डिस्ट्रिक्टमध्ये याच कोर्सला एक पैसा पडत नाही.

मिनेसोटात १९८५ पासून शाळकरी मुलं कॉलेजचे कोर्स मोफत घेतात. ओहायोत २०१५ पासून सरकारी शाळेतल्या मुलाला सरकारी कॉलेजात फी नाही. फुकटामुळे मुलं बेफिकीर होतात असं वाटत असेल तर त्याचाही विचार ओहायोत झालाय. मूल नापास झालं तर डिस्ट्रिक्ट पैसे परत मागू शकतं. न शिकणाऱ्याकडून वसूल करा ना! शिकू पाहणाऱ्याला दारातच का अडवता?

डॅलसकर:
ताई, माझं अर्धंच म्हणणं उचललंत. इथल्या सरकारी युनिव्हर्सिटीत तीन क्रेडिटच्या एका कोर्सला हजार डॉलरच्या वर जातात. तेच क्रेडिट शाळेत असताना त्याच्या काही हिश्शात मिळतंय, आणि ४२ क्रेडिट-तासांच्या कोअर करिक्युलममधलं (पदवीला सगळ्यांना घ्याव्या लागणाऱ्या मूळ विषयांतलं) असेल तर राज्यातल्या सरकारी कॉलेजांत चालतं. एवढा फायदा होत असताना थोडे पैसे भरायला कुरकुर कशाला? गरिबांसाठी २०२३ च्या हाउस बिल ८ या टेक्ससच्या कायद्याने सोय केलीच आहे. मोफत किंवा सवलतीच्या जेवणाला पात्र असलेल्या मुलांना योजनेतल्या कॉलेजांत फी लागत नाही.

कोयनाकाठ:
त्या योजनेबद्दल माझी तक्रार नाहीच. पण जेवणाच्या सवलतीची रेषा थोडक्यात हुकलेल्या घराचं काय? एकाचा पगार, दोन मुलं, घराचं भाडं. त्या आईला शाळेतले काउन्सेलर ड्युअल क्रेडिटचा फॉर्म देतात आणि ती तो सही न करताच ठेवून देते. आमच्या शेजारी हे घडलंय. मुलगा हुशार आहे. शाळकरी मुलांना पेल ग्रँटही (कॉलेजसाठी केंद्र सरकार देतं ती मदत) मिळत नाही.

शिक्षिका_ह्यूस्टन:
"शाळेच्याच बाई" मीच, म्हणून लिहिते. हा वर्ग घ्यायला मास्टर्स लागतं आणि त्याच विषयाचे १८ क्रेडिट-तासांचे पदव्युत्तर कोर्सही लागतात. मी ते नोकरी सांभाळून, स्वतःच्या खिशातून पूर्ण केले. तुम्ही भरता त्या फीतला एक डॉलरही माझ्यापर्यंत येत नाही.

डॅलसकर, पैसे भरले की मुलं मन लावून शिकतात, हे मला वर्गात दिसत नाही. पालकांचा सूर मात्र बदलतो. "आम्ही पैसे भरलेत, बी कसा दिलात?" अशी मेल येते. एपीच्या पालकांकडून मला अशी मेल कधी आलेली नाही.

मधुरा७:
फीचं राहू द्या, वेटचं बोला, म्हणजे रँक काढताना कुठल्या कोर्सला किती वजन देतात त्याचं! आमच्या डिस्ट्रिक्टमध्ये एपीला जास्त वेट आणि ड्युअल क्रेडिटला कमी. मुलगी रोज निबंध लिहून ए आणते, तरी रँक घसरते. यूटी ऑस्टिन या सरकारी युनिव्हर्सिटीत २०२६ च्या फॉल सत्रापासून शाळेत रँकने पहिल्या ५ टक्क्यांतल्यांनाच आपोआप प्रवेश, आधी ६ होते. म्हणजे पैसेही भरा आणि रँकही घालवा!

जुनाखेळाडू:
वेट कमी असायलाच हवं. एपीला मेमध्ये बाहेरची परीक्षा असते, सगळ्यांना एकच पेपर. ड्युअल क्रेडिटला ग्रेड वर्गातच मिळते. आमच्या मुलाने एपी फिजिक्ससाठी रात्री जागवल्या, आणि रँकला पुढे कोण गेलं, तर ड्युअल क्रेडिटवाला.

मधुरा७:
म्हणजे माझ्या मुलीचा ए खिरापतीत मिळालाय? जरा जपून बोला.

जुनाखेळाडू:
तुमच्या मुलीचं नाव मी घेतलेलं नाही. पद्धतीबद्दल बोलतोय. १९९७ मध्ये शाळेतल्या पहिल्या १० टक्क्यांना सरकारी युनिव्हर्सिटीत आपोआप प्रवेश देणारा कायदा आला तो सगळ्या शाळांतल्या मुलांना संधी मिळावी म्हणून. त्याचं आपण काय केलं? नववीत मुलांना शाळेचा बँड सोडायला लावायचं, कारण बँडला वेट नाही!

मधुरा७:
बँड सोडायला लावणारी आई मी नाही. आणि शिक्षकांसमोर "ग्रेड वर्गातच मिळते" असं लिहिताना थोडा विचार करायचा.

शिक्षिका_ह्यूस्टन:
मलाही ते वाक्य लागलं. माझे पेपर कॉलेजचा विभाग तपासून पाहतो. इथे रँकवर वीस प्रतिसाद पडतील, पण ज्याने फॉर्मच भरला नाही तो मुलगा त्या रँकच्या शर्यतीत नाहीच. त्याच्यावर बोला.

सोलापूरची_सई:
पैशांपेक्षा महाग पडते ती ग्रेड. माझ्या भाचीला शाळेत असताना कॉलेज केमिस्ट्रीत सी मिळाला. ते सेमिस्टर तिचे वडील हॉस्पिटलात होते. आता मेडिकलचा अर्ज भरतेय, तर एएमसीएएसमध्ये (मेडिकल कॉलेजांच्या सामायिक अर्जात) तो सी दाखवावा लागतो. शाळेतली बाकीची मार्कलिस्ट कोणी विचारत नाही, हा मात्र कायमचा. एपीत कमी स्कोअर आला तर तो न पाठवण्याची मुभा असते. पालकांकडून सही घेताना हे कोणी सांगत नाही.

डॅलसकर:
सईताईंचा मुद्दा मला माहीत नव्हता. ठीक आहे, रेषेच्या जरा वरच्या घरांना फी नको, इथपर्यंत येतो. पण माझ्यासारख्या दोन पगारांच्या घराला सरकारने फुकट द्यावं हे पटत नाही, पटणारही नाही. ते पैसे शिक्षकांना द्या.

कोयनाकाठ:
शिक्षकांना द्या, त्याला माझा पहिला होकार. पण उत्पन्न तपासत बसलं की पुन्हा कोणीतरी रेषेच्या पलीकडे राहणार. हायस्कूलच्या गणिताला आपण उत्पन्न विचारत नाही, मग त्याच खोलीतल्या या गणिताला का?

ज्यांना काही करायचंय त्यांच्यासाठी: डिस्ट्रिक्ट आणि कॉलेजमधला ड्युअल क्रेडिटचा करार दरवर्षी दोघांच्याही संकेतस्थळावर टाकणं कायद्याने बंधनकारक आहे. ट्यूशन, फी, पुस्तकं आणि प्रवासाचा पैसा कुठून येणार, हे त्यात लिहिलेलं असतं. आमचा मी उतरवून घेतलाय. पुस्तकांपुढे "विद्यार्थी" एवढाच शब्द आहे. डिस्ट्रिक्टच्या बोर्डाच्या पुढच्या बैठकीत बोलायला नाव देतेय. मधुराताई, वेटचा विषय तुम्ही मांडा, मी फीचा मांडते. एकाच संध्याकाळी दोन्ही होऊन जाऊ देत.

मधुरा७:
येते. पण जुनाखेळाडू येणार असतील तर मी दुसऱ्या रांगेत बसेन.