२६ महिने पूर्ण, शब्द आठच. थांबायचं का?

प्रश्न (राजारामपुरी, कोल्हापूर): मुलाला सांगितलेलं सगळं कळतं, हवं ते बोट दाखवून मागतो, पण दोन शब्द जोडत नाही. घरी मराठी, आजोळी कन्नड. सगळे म्हणतात, मुलगे उशिराच बोलतात.

उत्तर १: ताई, थांबू नका. दोन वर्षांपर्यंत साधारण ५० शब्द आणि 'पाणी दे' अशी जोडणी अपेक्षित असते. आधी कान तपासा. मागून टाळी वाजवून बघणं पुरेसं नाही. सर्दीनंतर पडद्यामागे पाणी साचलं तर टाळी ऐकू येते, पण बोलणं पुसट होतं. ओएई (आतल्या कानाची तपासणी), टिंपॅनोमेट्री (पडदा नीट हलतो का ते बघणं) आणि गरज पडली तर बेरा (आवाज कानातून मेंदूपर्यंत पोचतो का ते बघणं) करतात. बेरा झोपेत होते, म्हणून त्या दिवशी मुलाला आधी झोपवून नेऊ नका. सीपीआर या कोल्हापुरातल्या सरकारी रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागात चौकशी करा.

उत्तर २: कन्नडचा काही दोष नाही, आजोळचं बोलणं तोडू नका! दोन्ही भाषांतले शब्द एकत्र मोजा. 'भू भू', 'हम्मा'सुद्धा धरा. बोट दाखवतो ही चांगली खूण आहे. मात्र आलेले शब्द गेले, तर कुठल्याही वयात लगेच बालरोगतज्ज्ञ गाठा.

उत्तर ३: तपासणीची तारीख मिळेपर्यंत घरी सराव सुरू करा. तो 'दूध' म्हणाला की तुम्ही 'गरम दूध' म्हणा, एकच शब्द वाढवायचा. बोट दाखवलं की ५ ते १० सेकंद त्याच्याकडे बघत थांबा, मग नाव घेऊन वस्तू द्या. रडेपर्यंत अडवू नका. 'म्हण, म्हण' असा आग्रह केला की मुलं उलट गप्प होतात. जेवताना मोबाइल बंद.