मदत हवी आहे: 'मेझर अप'चा अर्थ आकाराशी की दर्जाशी?

नमस्कार मंडळी,

आमचा संत्र्यांचा धंदा आहे. बाबा नागपूरच्या कळमना बाजारातून आणि काटोलकडच्या बागांतून माल घेऊन बाहेरच्या राज्यांत पाठवतात. इंग्रजी मेल मी बघते. आंबिया बहाराच्या (हिवाळ्याच्या सुरुवातीला निघणाऱ्या फळाच्या) एका लॉटबद्दल बेंगळुरूच्या व्यापाऱ्यानं लिहिलंय, 'सॉरी, द लॉट डिड नॉट मेझर अप.' एवढंच.

बाबांचं म्हणणं, मेझर म्हणजे मोजणं, म्हणजे फळ लहान भरलं. पुढच्या गाडीत मोठी साइज टाकू, विषय संपला. मला ते पटत नाहीये. फळ लहान असेल तर ग्रेडिंग बदलून भागेल, पण सालीवर कोळशीचे (काळ्या बुरशीचे) डाग असतील किंवा रस कमी असेल, तर बागच बदलावी लागेल.

डिक्शनरीत दोन अर्थ सापडले. एक, मापं घेणं: सुतार खोली 'मेझर अप' करतो. दुसरा, अपेक्षित दर्जाला उतरणं. पहिल्यात मापं घेणारा माणूस कर्ता असतो. आमच्या वाक्यात कर्ता लॉट आहे, आणि लॉट काही स्वतः मापं घेत नाही! त्यामुळे 'माल कसोटीला उतरला नाही' हाच अर्थ मला बरोबर वाटतो. पण त्या कसोटीत आकारही येऊ शकतो ना? आणि पुढे 'टू' आणि कशाच्या तुलनेत ते लिहिलेलं नाही, तरी वाक्य पूर्ण धरायचं का?

उत्तरात मला 'द नेक्स्ट लॉट विल मेझर अप टू युवर स्टँडर्ड्स' लिहायचंय. हा प्रयोग बहुतेक नकारात किंवा प्रश्नातच वाचलाय, म्हणून होकारार्थी वाक्यात तो खटकेल का, अशी शंका आहे. की सरळ 'मीट' वापरू? 'लिव्ह अप टू' माझ्या मते इथे बसत नाही, ते नावाला जागणं झालं. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, त्या नावाला आमचा माल जागावा असं मनापासून वाटतं, पण मेलमध्ये ते फार भारी होईल.

आणखी एक. नेमकं काय कमी पडलं हे त्यांना न दुखवता विचारायचं आहे. 'इन व्हॉट रिस्पेक्ट डिड इट फॉल शॉर्ट?' उद्धट वाटतं का? जुना ग्राहक आहे, तोडायचा नाही. पुढची गाडी भरायच्या आत मेल जायला हवी, तेव्हा जाणकारांनी लवकर सांगा.