मदरबोर्ड बदलल्यापासून एक्सेलमध्ये साइन-इन होत नाही (एरर ८००९००१६)

अंबडचा हिशेबनीस
नमस्कार. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतील एका लहान कारखान्याचे हिशेब मी पाहतो. गेल्या आठवड्यात पावसात विजेची ये-जा चालू असताना कार्यालयातील संगणक बंद पडला आणि दुरुस्तीत त्याचा मदरबोर्ड बदलावा लागला. हार्ड डिस्क जुनीच असल्याने फायली सुखरूप आहेत. मात्र तेव्हापासून एक्सेल, वर्ड किंवा आउटलुकमध्ये कारखान्याच्या ईमेलने साइन-इन करू लागलो की पासवर्ड स्वीकारला जातो, मोबाइलवर मंजुरीही मागितली जाते, आणि ती दिल्यावर ‘ट्रस्टेड प्लॅटफॉर्म मॉड्यूल’मध्ये बिघाड असल्याचा इंग्रजी संदेश व ८००९००१६ हा क्रमांक येतो. ब्राउझरमध्ये तेच खाते विनातक्रार उघडते. पासवर्ड दोनदा बदलला, ऑफिस काढून पुन्हा टाकले, तरी फरक नाही. फायली उघडतात, छापताही येतात, पण एका चौकटीतला आकडासुद्धा बदलता येत नाही. ११ तारखेपर्यंत जीएसटीआर-१ (विक्रीचे जीएसटी विवरणपत्र) भरायचा आहे. कृपया मार्गदर्शन करावे.

गंगापूर रोड
मदरबोर्ड बदलल्यावर घड्याळ मागे पडलेले असू शकते आणि तारीख चुकीची असली तर साइन-इन अडते. तेवढे आधी पाहून घ्यावे.

अंबडचा हिशेबनीस
तारीख आणि वेळ दोन्ही बरोबर आहेत.

सिडकोतील तंत्रज्ञ
तुमचा पासवर्ड बरोबर आहे, हे ब्राउझरनेच सिद्ध केले आहे. तो आता पुन्हा बदलू नका. विंडोज सुरू करतानाचा पिनही मदरबोर्ड बदलल्यापासून चालत नसेल, असा माझा अंदाज आहे. दोन्हींचे मूळ एकच आहे. टीपीएम, म्हणजे संदेशातले ‘ट्रस्टेड प्लॅटफॉर्म मॉड्यूल’, ही सुरक्षेची चिप मदरबोर्डवर असते (काही संगणकांत ती प्रोसेसरमध्येच सामावलेली असते) आणि साइन-इनच्या गुप्त किल्ल्या ती स्वतःपाशी ठेवते. तुमच्या डिस्कवर जुन्या चिपच्या किल्लीने बंद केलेली माहिती शिल्लक आहे. नव्या चिपकडे ती किल्ली नाही. ऑफिस पुन्हा टाकल्याने ही माहिती पुसली जात नाही, म्हणून तो उपाय वाया गेला.

प्रथम संगणकावर प्रशासकाचे अधिकार असलेले दुसरे स्थानिक खाते आहे याची खात्री करा, कारण त्याशिवाय पुढे गेल्यास तुम्हीच बाहेर अडकण्याची शक्यता आहे. त्यानंतर सेटिंग्जमधील अकाउंट्समध्ये ‘ॲक्सेस वर्क ऑर स्कूल’ उघडून कारखान्याचे खाते डिस्कनेक्ट करा आणि क्रेडेन्शियल मॅनेजरमधील (विंडोज पासवर्ड साठवते ती जागा) ऑफिसच्या जुन्या नोंदी काढा. मग त्या दुसऱ्या खात्याने विंडोजमध्ये शिरा, तुमच्या युजर फोल्डरमधील ॲपडेटा, त्यातील लोकल, त्यातील पॅकेजेस येथे जा आणि ज्याच्या नावात इंग्रजीत ‘एएडी ब्रोकरप्लगइन’ असे आहे त्या फोल्डरचे नाव बदला. ॲपडेटा लपवलेले असते, ते दिसण्याची सोय आधी चालू करावी. फोल्डर पुसू मात्र नका. नाव बदलले तर गरज पडल्यास ते परत आणता येते.

काही ठिकाणी टीपीएम ‘क्लिअर’ करण्याचा सल्ला दिला जातो. माझी कळकळीची विनंती आहे की तो मार्ग धरू नये. बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल आणि ४८ अंकी रिकव्हरी की हाताशी नसेल, तर सगळे हिशेब कुलूपबंद होतील.

अंबडचा हिशेबनीस
मनःपूर्वक आभार. पिनबद्दलचा आपला अंदाज तंतोतंत खरा होता. माझ्याच खात्यातून फोल्डरचे नाव बदलू पाहिले, तेव्हा ते वापरात असल्याचा संदेश आला; संगणक पुन्हा सुरू करून दुसऱ्या खात्याने गेल्यावर बदलले. त्यानंतर एक्सेलने एकदाच पासवर्ड विचारला आणि विक्रीच्या पत्रकात आकडा भरता आला. या संगणकावर संध्याकाळी भांडारपाल त्यांच्या वेगळ्या विंडोज खात्याने बसतात. त्यांच्यासाठीही हे करावे लागेल का?

सिडकोतील तंत्रज्ञ
होय. ते फोल्डर प्रत्येक विंडोज खात्याचे स्वतंत्र असते. त्यांना तोच क्रमांक दिसला, तर त्यांच्या युजर फोल्डरमध्ये हीच कृती करा. आता तुमच्या खात्यातून केली तरी चालेल, फक्त त्यांनी साइन-आउट केलेले असावे आणि तुमच्या खात्याला प्रशासकाचे अधिकार असावेत.